टोचलं का?

माझ्या फोनमध्ये ३८ सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. तो डिलीट करवत नाही आणि शेवटपर्यंत बघवतही नाही. जुलैची रात्र, पत्र्यावर पाऊस, गोठ्यात एक पिवळा बल्ब. आमची भुरी मान लांब करून, तोंड उघडं टाकून उभी आहे. जबड्याखालून सुरू झालेली सूज गळ्यावरून थेट छातीपर्यंत उतरलीय. जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीपर्यंत. आणि आवाज. पाणी खोल गेल्यावर हापसा जशी नुसती हवा ओढतो, तसा प्रत्येक श्वासाचा आवाज.

बाबांनी तो रात्री ११ वाजून २० मिनिटांनी पाठवला. सोबत एक व्हॉइस नोट : "घटसर्प वाटते. डाक्टरले फोन लावून रायलो, लागून नाही रायला. तू तिकून काही पाहय."

तिकडे म्हणजे हिंजवडीत, बाराव्या मजल्यावर, दोन मॉनिटरसमोर मी. मी काय पाहणार? आधी सर्च केलं. मग ओळखीच्या एका पशुवैद्यकाला झोपेतून उठवलं. त्याने व्हिडिओ पाहिला आणि दोनच प्रश्न विचारले. ताप कधी आला? लस कधी टोचली होती? पहिल्याचं उत्तर होतं, संध्याकाळी दूध एकदम आटलं तेव्हा. दुसऱ्याचं उत्तर बाबांनाही आठवेना. तो म्हणाला, "ताप चढल्या चढल्या शिरेतून अँटिबायोटिक गेलं असतं तर आशा होती. आता सूज छातीवर आलीय. तोंडातून काही पाजू नका, एवढं सांग."

भुरी पहाटे साडेचारला गेली. पूर्णाथडी वळणाची म्हैस, अंगाने राखट, म्हणून भुरी. दुसरं वेत, दोन्ही वेळचं मिळून सहा लिटर दूध. डॉक्टर सकाळी नऊला आले. त्यांच्याकडे स्वतःच्या दवाखान्याशिवाय आणखी दोन ठिकाणचा चार्ज होता आणि रात्री ते दुसऱ्या गावात एका अडलेल्या गाईपाशी होते. त्यांनी चुना टाकून खोल पुरायला सांगितलं. पाचव्या दिवशी गावात लस आली. राहिलेल्या सगळ्या जनावरांना टोचली.

भुरीसाठी रडून झालंय. हा लेख भांडणाचा आहे.

*

भांडण कोणाशी, ते सांगण्याआधी हा रोग काय आहे ते समजून घ्या, कारण सगळं भांडण त्याच्या घड्याळावर उभं आहे.

पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जिवाणू. लुई पाश्चरच्या नावावरून हे नाव. याचा एक ठरावीक प्रकार आशियातल्या गाई-म्हशींना घटसर्प देतो, आणि गाईपेक्षा म्हैस त्याला लवकर बळी पडते. जिवाणू बाहेरून हल्ला करायलाच हवा असं नाही. धडधाकट दिसणाऱ्या काही जनावरांच्या टॉन्सिलमध्ये तो आधीपासून गप्प बसलेला असतो. उन्हाळ्यात चारा कमी, अंगात ताकद कमी, त्यात पहिला पाऊस, ओलावा, पेरणीच्या कामाचा ताण. मग तो उठतो. एका जनावराच्या लाळेतून, शेंबडातून, दावणीतल्या चाऱ्या-पाण्यातून दुसऱ्याकडे जातो. ताप १०४ ते १०७ फॅरनहाइट. मग गळा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तात विष पसरतं. लक्षण दिसल्यापासून मरण काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत. म्हशीत बऱ्याचदा २४ तासांच्या आत.

हे किती वेगाने होऊ शकतं याचं जगातलं सगळ्यात भयंकर उदाहरण कझाकस्तानातलं आहे. मे २०१५ मध्ये तिथल्या गवताळ प्रदेशात सायगा नावाची हरणं मरायला लागली. तीन आठवड्यांच्या आसपास २ लाखांहून जास्त मेली. जगातल्या एकूण सायगांपैकी निम्म्याहून जास्त. जिवाणू हाच, पाश्चुरेला मल्टोसिडा. संशोधकांना दिसलं, की त्या दिवसांत तिथली हवा नेहमीपेक्षा जास्त उबदार आणि दमट झाली होती. घशात बसलेला पाहुणा हवामान बदलताच मालक झाला.

सायगांना टोचायला कोणी जाऊ शकत नव्हतं. आमची भुरी दावणीला बांधलेली होती.

कारण घटसर्पावर लस आहे. आजची नाही, कित्येक पिढ्यांपासून आहे. आपल्याच राज्यात पुण्याला औंधमध्ये पशुजैव पदार्थ निर्मिती संस्था आहे, ती १९४७ पासूनची. घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार यांच्या लसी तिथे बनतात. मुळात या देशातलं पशुरोगांचं संशोधनच पुण्यात सुरू झालं. आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे, ती १८८९ मध्ये पुण्यातल्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात एक छोटी प्रयोगशाळा म्हणून जन्मली. म्हणजे भुरीला वाचवणारी गोष्ट माझ्या ऑफिसपासून टॅक्सीच्या अंतरावर तयार होते. ती वाशिमच्या गोठ्यापर्यंत पोचायला फक्त एक अट आहे : पावसाआधी पोचली पाहिजे. टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे मे महिना. ऑगस्टमध्ये टोचलेली लस कागदावर तेवढीच खरी असते, पण जुलैमध्ये मेलेल्या म्हशीच्या ती काही कामाची नाही.

*

आता भांडण. पहिलं माझ्या स्वतःच्या जातभाईंशी, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांशी, आणि सुरुवात माझ्यापासूनच.

भुरी जायच्या दोन वर्षं आधी ऑफिसच्या हॅकेथॉनमध्ये आमच्या टीमने एक प्रोटोटाइप बनवला होता. फोनचा माइक जनावराच्या गळ्याजवळ धरायचा, श्वासाचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि मॉडेलने सांगायचं, श्वसनाचा आजार आहे की नाही. गावाकडचा मुलगा म्हणून प्रेझेंटेशन मला दिलं. मी गोठ्याचे फोटो लावले, "लास्ट माइल" हा शब्द चार वेळा वापरला. दुसरं बक्षीस मिळालं. प्रत्येकाला एकेक ब्लूटूथ स्पीकर.

त्या रात्री ते अ‍ॅप बाबांच्या फोनमध्ये असतं तर काय झालं असतं? ११ वाजून २० मिनिटांनी त्याने सांगितलं असतं : श्वसनमार्गात अडथळा, शक्यता ९० टक्के. बाबांनी ११ वाजून २० मिनिटांनी सांगितलं होतं : घटसर्प वाटते. कोणतंही मॉडेल न वापरता, गोठ्याच्या दारात उभं राहून.

आपल्या धंद्यात एक समज खोल रुजलाय, की गावातली प्रत्येक अडचण ही माहितीची अडचण आहे. शेतकऱ्याला कळत नाही, म्हणून आपण कळवू. कॉलर बांधू, सेन्सर लावू, अलर्ट पाठवू. पण अलर्ट कोणाला? सर्व्हर पडला की आम्हाला अलर्ट येतो, कारण अलर्टच्या दुसऱ्या टोकाला ऑन-कॉल माणूस असतो आणि त्याने १५ मिनिटांत लॉगिन करायचं असतं. दुसऱ्या टोकाला माणूसच नसेल तर तो अलर्ट नुसता आवाज आहे. आणि ज्या रोगात लक्षणापासून मरणापर्यंत एक रात्र आहे, त्यात माणूस असूनही बऱ्याचदा उशीर झालेला असतो. हा रोग ओळखून जिंकायचा नाहीच. तो मे महिन्यात, कोणतंही लक्षण नसताना, कंटाळवाण्या पद्धतीने, दारोदार सुई घेऊन जिंकायचा आहे. त्यात डेमो देण्यासारखं काही नाही. त्याला बक्षीस मिळत नाही. म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

*

दुसरं भांडण "शेतकरीच अडाणी, लस टोचून घेत नाहीत" म्हणणाऱ्यांशी. हे वाक्य मी सरकारी कार्यक्रमांत ऐकलंय, पुण्यातल्या पार्ट्यांत ऐकलंय आणि लाज वाटते, पण एकदा मीही बोललोय.

बाबांचं शिक्षण सातवी. मी शाळेत असताना, आंब्याच्या दिवसांत, आमच्या एका बैलाच्या नरड्यात कोय अडकली. जनावर कोय चावत नाही, सरळ गिळतं, आणि कधी ती अन्ननलिकेत बसते. मग रवंथाचा गॅस वर यायची वाट बंद होते. डावी भकाळी ढोलासारखी फुगते, पोट फुप्फुसांवर दाबतं आणि जनावर गुदमरतं. म्हणजे अडकलं अन्ननलिकेत, पण मरतं श्वास कोंडून. बाबांनी बैलाची मान हाताने चाचपून कोय कुठे आहे ते शोधलं. पाणी पाजू दिलं नाही. कडुनिंबाची काडी लगामासारखी तोंडात आडवी बांधली, म्हणजे बैल तोंड हलवत राहतो, लाळ सुटते. मग दोन्ही हातांनी बाहेरून दाबत दाबत कोय वर सरकवली आणि माझ्या काकांनी तोंडात हात घालून ती काढली. कोय नसती निघाली तर डॉक्टर भकाळीत ट्रोकार नावाची टोकदार नळी खुपसून आधी गॅस सोडतात, हेही त्यांना माहीत होतं. ते स्वतः करायचं नाही, हेही माहीत होतं.

आणि भुरीच्या रात्री शेजारचे काका बांबूच्या नळकांड्यात काढा भरून आले होते. बाबांनी त्यांना थांबवलं. "गिळता येऊन नाही रायलं तिले, फुप्फुसात जाईन." पशुवैद्यकाने मला फोनवर सांगितलं ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच.

हा माणूस अडाणी? मग त्याने लस का टोचून घेतली नव्हती? मी नंतर विचारलं. उत्तर साधं होतं. गावात लसीकरण झालं त्या दिवशी भुरी आणि तो दोघंही शेतात होते. दवंडी झाली नाही, निरोप आला नाही. लस उघडली की त्याच दिवशी संपवायची असते, म्हणून टीम थांबली नाही. पुन्हा येऊ म्हणाले. पुन्हा पाऊस आला.

काही लोक मुद्दाम टाळतात हेही खरं आहे. टोचल्यावर दोन-चार दिवस दूध कमी होतं, मानेवर गाठ येते, गाभण जनावराची भीती वाटते. ज्याचं घर रोजच्या दुधावर चालतं त्याच्यासाठी दोन दिवसांचं दूध हा अंधश्रद्धेचा नाही, हिशोबाचा प्रश्न आहे. त्या हिशोबाची दुसरी बाजू समजावून सांगायला कोणीतरी ओट्यावर बसावं लागतं. समजावून न सांगता "अडाणी" म्हणणं म्हणजे डॉक्युमेंटेशन न लिहिता युजरला मूर्ख म्हणणं.

*

तिसरं भांडण व्यवस्थेशी, आणि ते करताना मी माणसांना आणि व्यवस्थेला वेगळं ठेवणार आहे. सकाळी नऊला आलेल्या त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. रात्रभर हात खांद्यापर्यंत गाईत घालून ते आमच्याकडे आले होते.

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या दोन श्रेणी आहेत. श्रेणी-१ मध्ये पदवीधर पशुवैद्यक असतो. श्रेणी-२ मध्ये पशुधन पर्यवेक्षक, ज्याने पदविका केलेली असते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पूर्ण उपचार पदवीधरानेच करायचे, पर्यवेक्षकाने त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायच्या. कायदा बरोबरच आहे. पण देखरेख करणारा तीन गावं पलीकडे असेल, तर श्रेणी-२ च्या गावातल्या जनावराने आजारही किरकोळच पडायचं, असा त्याचा अर्थ होतो. घशाला सूज आलेल्या जनावराची श्वासनलिका मानेत छेद देऊन उघडता येते. ट्रॅकिऑस्टॉमी ही पशुशल्यचिकित्सेतली जुनी, माहितीतली गोष्ट आहे. अकोल्याला पशुवैद्यकांची पदव्युत्तर संस्था आहे. पण गुदमरणारी म्हैस पावसात टेम्पोत चढवून वाशिमहून अकोल्याला नेणं, ही सूचना ज्यांनी म्हैस टेम्पोत चढवलेली नाही तेच करू शकतात.

व्यवस्थेला जमत नाही असंही नाही, हीच खरी चीड. बुळकांडी आठवते का? तुम्हाला नाही आठवणार, मलाही नाही. आजोबांना आठवायची. गावंच्या गावं बैलांशिवाय करणारा रोग. दारोदार लस टोचून आणि माग काढून तो संपवला. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला, २०११ मध्ये सगळं जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग, आणि तो जनावरांचा आहे. मग २०२२ मध्ये लम्पी आला. टीव्हीवर गाठींनी भरलेल्या गाई दिसल्या आणि काही महिन्यांत याच राज्यात, याच अपुऱ्या मनुष्यबळाने, १ कोटीहून जास्त गोवंशाला लस टोचली. त्याआधी २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध १३,३४३ कोटींचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. तो हवाच होता, लाळ्या-खुरकुताने दूध आणि निर्यात दोन्ही बुडतात. पण घटसर्प त्या कार्यक्रमात नव्हता. तो टीव्हीवर दिसत नाही. तो एका रात्रीत एका गोठ्यात येतो, एक-दोन म्हशी नेतो आणि बातमी व्हायच्या आत पुरला जातो.

आणि आता डेटा. हा तर माझा प्रांत. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये तो निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते : नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि आम्ही. या कार्यक्रमात जिल्ह्यांना निर्देशांकांवरून क्रमांक मिळतो, आणि शेतीच्या निर्देशांकांत जनावरांचं लसीकरण आहे. म्हणजे कुठेतरी डॅशबोर्डवर आमचा आकडा आहे. शिवाय भुरीच्या कानात पिवळा बिल्ला होता, त्यावर १२ अंकी क्रमांक. तिची टोचणी झाली की नाही हे त्या क्रमांकापुढे कुठेतरी नोंदलेलं असायला हवं. बाबांचा मोबाइल नंबर घेतलेला होता.

मला सांगा, याहून सोपी क्वेरी जगात कोणती असेल? ज्यांच्या नावापुढे गेल्या वर्षभरात घटसर्पाची नोंद नाही, त्यांना १ मे रोजी एक मेसेज. गॅसच्या सिलिंडरचा येतो. रिचार्ज संपायच्या तीन दिवस आधीपासून येतो. लोन घ्या म्हणून तर दिवसाला चार येतात. बाबांना त्या उन्हाळ्यात भुरीबद्दल एकही आला नाही. आपण क्रमांक दिला, कान टोचला, मान टोचायची राहिली.

*

घटसर्प हा शब्द ऐकून तुमच्यापैकी काहींना लहान मुलांचा रोग आठवला असेल. बरोबर आहे. मराठीत माणसाच्या डिप्थीरियालाही घटसर्पच म्हणतात. जिवाणू वेगळा, पण नाव ठेवणाऱ्यांनी एकच गोष्ट पाहिली होती : गळ्यात काहीतरी वेटोळं घालून बसलंय आणि श्वास कोंडतोय.

त्या दुसऱ्या घटसर्पाची गोष्ट ऐका, कारण त्यात जनावरं आहेत. लस नव्हती तेव्हा डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून मुलांची श्वासनलिका चिरत. मग १८९० च्या दशकात जर्मनीत एमिल फॉन बेरिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की जनावराला थोडं थोडं विष टोचलं की त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं, आणि ते मुलाला दिलं की मूल वाचतं. १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलं नोबेल त्याला मिळालं. हे प्रतिविष मोठ्या प्रमाणात बनवायला जनावर वापरलं ते घोडा. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसमध्ये जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला. हा घोडा आधी दुधाची गाडी ओढायचा. त्याचं दूषित रक्तद्रव्य चुकून वापरलं गेलं आणि १३ मुलं दगावली. त्यातून १९०२ मध्ये तिथे लसी-सिरमच्या शुद्धतेचा पहिला कायदा झाला. आणि १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा विमान उडू शकत नव्हतं. २० कुत्रागाड्यांनी एकमेकांकडे डबा सोपवत १,०८५ किलोमीटर बर्फातून ते प्रतिविष साडेपाच दिवसांत पोचवलं. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कला आहे.

आपल्या मुलांचा गळा घोड्यांच्या रक्ताने आणि कुत्र्यांच्या पायांनी वाचवला. हे उपकार वगैरे मी म्हणत नाही, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण पुढे काय झालं ते पाहा. आज आमच्या गावात मुलाचा घटसर्प जवळपास कोणी पाहिलेला नाही. का? गावातले आईबाप अचानक शहाणे झाले म्हणून? नाही. अंगणवाडीत कार्ड असतं, त्यावर तारीख असते, आणि तारखेला मूल आलं नाही तर आशाताई घरी येते. "पोरगं कुठं हाय? आण." मूल शेतात असेल तर शेतात जाते. कोणी तिला विचारत नाही, की आईबापांनी मागणी केली होती का.

एकाच नावाचे दोन रोग, एकच गाव. एकाच्या मागे आशाताई उभी आहे, दुसऱ्याच्या मागे "पुन्हा येऊ". माझं सगळं भांडण या एका वाक्यात मावतं. मी कोणतंही नवं तंत्रज्ञान मागत नाही. एक माणूस, एक यादी, एक तारीख, आणि चुकलेल्यासाठी दुसरी फेरी.

*

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे म्हैस नाही. पण तुमच्या सोसायटीत पग असेल.

२००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एक पग लहान मुलामागे चालत गेला आणि या देशाने पग विकत घ्यायला सुरुवात केली. माझ्या फ्लॅटमेटकडे आहे. तो झोपला की घोरतो, जागा असला की घुरघुरतो, जिना चढला की जीभ निळसर होते. त्याच्या घोरण्याच्या रीलला चाळीस हजार व्ह्यूज आहेत. कमेंटमध्ये सगळे म्हणतात, किती गोड.

तो गोडवा म्हणजे अडलेला श्वास आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चपटं तोंड निवडत निवडत कवटी आखूड केली, पण आतला मऊ टाळा तेवढाच राहिला. तो मागे लोंबतो आणि श्वासाची वाट झाकतो. नाकपुड्या चिमटल्यासारख्या. कुत्रा घाम गाळून गार होत नाही, धापा टाकून होतो, आणि यांना धड धापही टाकता येत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये. नेदरलँड्सने अशा फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध घातले. नॉर्वेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे तो अजून रील आहे.

पगचं ऑपरेशन होतं, त्याला ऑक्सिजन मिळतो, याचा मला राग नाही. मिळायलाच हवा. मला एवढंच म्हणायचंय, की ३८ सेकंदांचा भुरीचा व्हिडिओ आणि ३० सेकंदांची ती रील यांतला आवाज एकाच गोष्टीचा आहे. एका आवाजाकडे जायला कोणी नव्हतं. दुसऱ्या आवाजाला सगळे जण हार्ट देत होते. पग घ्यायचाच असेल तर घेऊ नका. घेतलेला असेल तर वजन वाढू देऊ नका, पट्टा गळ्याला न बांधता छातीला बांधा, उन्हात फिरवू नका, आणि त्याचं घोरणं डॉक्टरांना ऐकवा. इन्स्टाग्रामला नको.

*

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो, कारण नुसतं भांडून म्हैस परत येत नाही.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. आमच्या जिल्ह्याचे हे सहा तालुके. तिथून, किंवा असल्याच दुसऱ्या कुठल्या तालुक्यांतून पुण्या-मुंबई-हैदराबादला आलेले आपण हजारो जण आहोत. आपण घरी काय विचारतो? जेवले का, पाऊस कसा आहे, सोयाबीनला भाव काय. यात मे महिन्यासाठी एक प्रश्न वाढवा. टोचलं का? नाही म्हणाले तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा दवाखान्यात तुम्ही इथून फोन करा. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, लस कोणत्या दिवशी येणार. ग्रामपंचायतीला विचारा, गावात जनावरं किती, टोचलेली किती, आणि पावसाआधी टोचलेली किती. हा तिसरा आकडा महत्त्वाचा. तो फळ्यावर लावायला सांगा. टक्केवारीत तारीख दिसत नाही, म्हणून तारीख मागा.

यंदा मी १ मेला फोन केला. बाबांनी भुरीच्या जागी एक वगार घेतलीय, तिचं नाव अजून ठरलेलं नाही.

"टोचलं का?"

"सोमवारी येतो म्हणते."

सोमवारी केला. आले नव्हते. गुरुवारी केला. आले नव्हते. पुढच्या सोमवारी मी दवाखान्यातच फोन केला, तिथल्या पर्यवेक्षकांनी नीट ऐकून घेतलं, म्हणाले लस आलीय, गाडी नाहीये. बाबा स्वतः मोटारसायकलवर त्यांना घेऊन आले. आमची एकच नाही, गल्लीतली बावीस जनावरं झाली. दोन शेतात होती, तर ते शेतात गेले.

संध्याकाळी बाबांचा फोटो आला. वगारीची मान, त्यावर लिंबाएवढी गाठ. खाली एकच शब्द : टोचलं.